खिडकीतली रेघ

हिकोताचं पत्र आलं तेव्हा नदीकाठच्या प्लमच्या झाडांवर अजून बर्फ होता. पुढे बर्फ वितळला, प्लम फुलला, चेरी फुलून झडूनही गेली, कारखान्याच्या दारावर पाकोळ्यांनी घरटी बांधायला घेतली, तरी तोमेकिचीने त्या पत्राला उत्तर पाठवलं नव्हतं.

पत्र देव्हाऱ्यात होतं, तोमेकिचीच्या वारलेल्या वडिलांच्या नावाच्या पाटीमागे. रोज सकाळी शिगे तिथे भाताची वाटी ठेवायची आणि ठेवताना पाटी जराशी बाजूला सरकवायची, म्हणजे पाकिटाचा कोपरा दिसावा. तोमेकिची कामावर निघताना पाटी पुन्हा जागेवर करायचा. या विषयावर नवरा-बायकोचं बरेच दिवस एवढंच बोलणं चाललेलं होतं.

हिकोता हा शिगेच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आई गेल्यावर तो याच घरात वाढला, याच घरातून गेल्या डिसेंबरात पलटणीत दाखल झाला. पत्र तसं साधंच होतं. ‘काका आणि मावशीला नमस्कार. इथे सगळे माझी काळजी घेतात. हवालदारसाहेब तर वडिलांच्या मायेने वागवतात, त्यामुळे एवढ्या थंडीतही माझे गाल कधी गार पडत नाहीत. एक अडचण आहे. मला मिळालेली बंदूक डावीकडे मारते. मी ती पाडली असं इथे सगळ्यांचं मत आहे. मी पाडलेली नाही. दुरुस्तीवाल्याने लाकूड उतरवलं तेव्हा नळीच्या पोटाशी काकांचा ठसा दिसला, तो मी ओळखला. कप्तानसाहेब दयाळू आहेत. नळी जन्मापासूनच तशी असेल आणि ती करणाऱ्याने तसं एका ओळीने कळवलं, तर आपण ते खरं धरू, असं ते म्हणाले. तशी काही शक्यता असेल तर काकांनी एक ओळ लिहावी. शक्यता नसेल तर लिहायची गरज नाही.’

बराकीतून निघणारं प्रत्येक पत्र आधी अधिकाऱ्याच्या टेबलावर उघडतं, आत जाणारंही उघडतं, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. म्हणून गालांचं ते वाक्य ऐकल्यावर शिगेने बाही तोंडाला लावली.

"रोज मारतात त्याला," ती म्हणाली.

"तसं कुठे लिहिलंय?" असं तोमेकिची म्हणाला आणि त्याने पत्राची घडी घातली.

तोमेकिचीचं काम नळी सरळ करण्याचं. पोलादाचा भरीव दांडा कारखान्यात येतो. एका खोलीत त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत भोक पाडतात, दुसरीत ते भोक गुळगुळीत करतात, तिसरीत आतल्या बाजूने पेचदार खाचा खरवडून काढतात, एकेक खाच, एका वेळी केसाएवढा थर. आणि दर खोलीतून बाहेर पडताना पोलाद रुसतं. उष्णतेने म्हणा, हत्याराच्या ओढीने म्हणा, नळी कुठेतरी वाकते. वरून डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण शेताच्या पलीकडे उभा असलेला माणूस तेवढ्यावर वाचतो. तो वाचू नये म्हणून तोमेकिचीला पगार होता.

त्याचं बाक उत्तरेच्या खिडकीपाशी होतं. खिडकीला तेल पाजलेला कागद चिकटवलेला, आणि कागदावर आडवी एक काळी पट्टी. नळी डोळ्याला लावून पट्टीकडे धरली की आतल्या चकचकीत पोलादावर त्या पट्टीची सावली बारीक रेघ होऊन उतरते. नळी सरळ असली तर रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी जाते. वाकडी असली तर वाकल्या जागी रेघ पोट काढते. ते पोट हेरायचं, नळी ऐरणीच्या दोन खुंटांवर आडवी ठेवायची, तांब्याच्या हातोडीने एक घाव घालायचा आणि पुन्हा डोळ्याला लावायची. दिव्याच्या उजेडात ही रेघ खोटं बोलते. त्यामुळे रशियाच्या मागण्या येऊन कारखाना दिवसरात्र धडधडू लागला तरी हे एकच बाक अंधार पडला की बंद व्हायचं.

रशियावरून कारखान्यात एक विनोद चालायचा. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्यावर आपण बंदुका झाडल्या, तेच आता त्या विकत घेतायत. याइची म्हणायचा, माल आवडला असणार. हा याइची दस्त्यांच्या खोलीत अक्रोडाच्या लाकडाला रंधा मारायचा, आणि तोमेकिचीचा असा तो एकच मित्र होता.

नळी पसंत पडली की तोमेकिची तिच्या पोटाशी आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराचा ठसा मारायचा. पुढे त्यावर लाकूड चढे आणि ठसा झाकला जाई. पण झाकला म्हणून पुसला जात नसे. वर्षादोन वर्षांनी कुठल्या पलटणीतून बंदूक वाकडी म्हणून परत आली आणि चूक कारखान्याची ठरली, की लाकूड उतरायचं, ठसा सापडायचा, आणि त्या माणसाला दाराशी उभं करायचे.

दाराशी उभं राहण्याची शिक्षा कुठे लिहिलेली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तो माणूस ती वाकडी नळी दोन्ही हातांत आडवी धरून दारात उभा राही, आणि आत-बाहेर करणारा प्रत्येकजण थांबून तिच्यातून डोकावे. मग काहीतरी बोलून पुढे जाई. बोलायलाच हवं असं बंधन नव्हतं, पण न बोलता गेलेला माणूस कोणी पाहिला नव्हता. तोमेकिचीच्या आधी खिडकीपाशी कामेझो होता. तोमेकिचीला रेघ बघायला त्यानेच शिकवलं. म्हातारपणी त्याची एक नळी परत आली. तो दारात उभा असताना तोमेकिची पुढे झाला, नळीला डोळा लावला आणि म्हणाला, "काय म्हातारबा, कोपऱ्यामागचा चहावाला दिसतोय का बघा की." सगळी खोली हसली. त्या दिवसापासून तो विनोद कायमचा होऊन बसला. दाराशी कोणीही उभा असो, एकजण तरी चहावाल्याची चौकशी करायचाच.

कामेझोला मग अ‍ॅसिडच्या शेडमध्ये पाठवलं. तिथे नळ्यांना गंज आणून त्या काळ्या करतात. त्याची नखं गेली, मग बोटांच्या टोकांची कातडी गेली, आणि काही वर्षांनी तोही गेला. खिडकी तोमेकिचीला मिळाली.

आता ती खिडकी मुकादम नुमाताला आपल्या जावयासाठी हवी होती. हे तो लपवतही नसे.

"डोळे कसे आहेत, तोमेकिची?" असं तो येता-जाता विचारी.

"दोन आहेत, मुकादम."

"मोजून घे बरं. माझा रोकुरो म्हणतो, तुझा उजवा हल्ली रडतो."

रोकुरो म्हणजे तो जावई. तो मापं तपासायच्या बाकावर बसायचा, आणि त्याने म्हटलं ते खरं होतं. गेल्या उन्हाळ्यापासून तोमेकिचीच्या उजव्या डोळ्याला पाणी येत होतं. शेगडीचा धूर जातो, असं तो सांगे. रोज सकाळी पुलावर थांबून तो नदीपलीकडच्या लोणचेवाल्याची पाटी वाचून पाही. मोठी अक्षरं लागायची. खालची बारीक ओळ कधी लागे, कधी नाही. आणि हिकोताच्या पलटणीला गेलेल्या बंदुका गेल्या शरद ऋतूतल्या होत्या, म्हणजे पाणी सुरू झाल्यानंतरच्या.

आडात काय आहे, म्हणजे डोळ्यात किती दम उरलाय, ते त्याला नीट माहीत होतं. पत्र वाचताना त्याने हिकोताच्या गालांचा विचार केला नाही असं नाही. केला. पण आधी डोळ्याचा केला.

एप्रिलात एका रविवारी बराकीत भेटीचा दिवस होता. तोमेकिचीने काम काढलं, शिगे एकटी गेली. परत आल्यावर ती बराच वेळ मुळा चिरत बसली.

"एका कानाने ऐकू येत नाही त्याला," ती म्हणाली.

"थंडीने होतं."

"थंडीने एकाच कानाला होतं?"

त्याने चिलीम पेटवली.

"झोपायच्या आधी सगळ्यांसमोर उभं करतात. बंदूक दोन्ही हातांवर आडवी, हात ताठ. आणि तिची माफी मागायची. तीही मानाने. ‘अडतीस नमुन्याच्या पायदळी बंदूकसाहेब, मी नालायक हिकोता, मी आपल्याला इजा केली, क्षमा असावी.’ हात खाली आले की पुन्हा पहिल्यापासून." सुरी थांबली नव्हती. "हसत हसत सांगत होता. मी रडू नये म्हणून."

"पलटणीत हे असंच असतं. मीही सोसलंय."

"तुमची बंदूक वाकडी होती?"

"नव्हती."

"मग तुम्ही काय सोसलंय?"

त्याने चिलीम झटकली.

"एक ओळ लिहा," शिगे म्हणाली. "मोठं पत्र नको. एक ओळ."

"ती ओळ माझ्या मानेवर बसेल. खिडकी जाईल. दाराशी उभं करतील. कामेझोची बोटं पाहिली होतीस ना?"

"पाहिली होती. त्याच बोटांनी तो भात खात होता, आणि पोटभर खात होता. तिसऱ्या तुकडीतल्या त्या पोराचं ऐकलं होतंत ना तुम्ही? बंदुकीतला एक खिळा हरवला म्हणून. संडासात, स्वतःच्या पट्ट्याने."

"हिकोता तसलं काही करणार नाही."

"त्या पोराच्या आईनेही असंच म्हटलं असणार."

तोमेकिची उठला, देव्हाऱ्यापाशी गेला, पाटी सरळ केली, परत येऊन बसला. "हे बघ. चूक माझी असेल तर मी सांगेन. पण ती माझी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कसं लिहू? बंदूक दुरुस्तीला आमच्याकडेच येणार. येऊ दे. बघतो."

"आणि तुमची नसली तर?"

"नसली तर नसली."

"तर काही लिहू नका. त्यानेही तेवढंच मागितलंय. तुमची नसली तर गप्प बसायचं. एवढं तरी करता येईल ना?"

"येईल," तो म्हणाला.

बंदूक आली मे महिन्यात. जेवणाची सुट्टी होती. बाकी सगळे बाहेर उन्हात भाताचे गोळे खात बसले होते. तोमेकिची हल्ली आतच जेवायचा, कारण बाहेरच्या उजेडात डोळा जास्त पाणावायचा. याइची गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दबकत आला आणि त्याने दार पायाने लोटलं.

"जेवण ठेव बाजूला. आली."

"कोण?"

"तुझी लेक. सासरी नांदली नाही म्हणून परत पाठवलीय." त्याने गोणपाट उलगडलं. "लाकूड उतरवायला पहिल्यांदा माझ्याकडे आली. नुमाताने अजून पाहिलेली नाही. भोंगा होईपर्यंत आपली."

नळी उघडी होती. तिच्या पोटाशी तोमेकिचीचं अक्षर होतं. त्याने त्यावर अंगठा फिरवला.

"हे बघ, मी सगळा विचार करून आलोय," याइची खाली बसत म्हणाला. "तू बघायचं, कुठे वाकलीय ते शोधायचं, दोन घाव घालायचे. मी लाकूड चढवून टाकतो. वर चिठ्ठी लावायची, माशी सरकली होती, जागेवर बसवली." माशी म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला तो बारीकसा उंचवटा, ज्याच्यावरून नेम धरतात. "माशी काय, सरकते. त्यात ना शिपायाचा दोष, ना कारागिराचा. पोरगा सुटला, तू सुटलास, आणि मला एक बाटली साके. बोल."

"हिच्यावर फूल आहे."

नळीच्या मागच्या जाड भागावर शेवंती कोरलेली होती. शेवंती कोरली जाईपर्यंत ते नुसतं लोखंड असतं. त्यावर बसून जेवलं तरी कोणी विचारत नाही. शेवंती कोरली की ती वस्तू सम्राटांची. मग तिच्यावर हातोडी चालवायची तर मुकादमाला विचारायचं, मुकादमाने अधिकाऱ्याला विचारायचं, आणि अधिकाऱ्याच्या देखत नळी फुलापासून वेगळी करायची. फुलासमोर घाव घालायचा नाही, हे खोलीतल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं.

याइचीने डोक्याचं फडकं सोडलं आणि शेवंतीवर टाकलं. "झोपलं फूल. चल."

तोमेकिचीने डोळा पुसला. मग बाहीची दुसरी बाजू घेऊन पुन्हा पुसला. नळी उचलली आणि खिडकीकडे धरली.

आधी काहीच दिसलं नाही, नुसता पांढरा गोल. मग डोळा सावरला आणि रेघ उतरली. त्याच्या बाजूच्या टोकापासून निघाली ती ताणलेल्या दोऱ्यासारखी गेली, कुठे फुगली नाही, कुठे थरथरली नाही. अर्धी नळी गेली, पाऊण गेली. आपले जुने घाव आपल्याला ओळखू येतायत असं त्याला वाटलं. पोलादावर घावाची ओळख राहत नसते, पण वाटलं खरं. मग तोंडापासून वीतभर अलीकडे रेघ मोडली. ते पोट नव्हतं. कारखान्यात आलेला वाकडेपणा हळूहळू सुरू होतो आणि हळूहळू संपतो. ही मोड एका जागी होती, कोणी काठी गुडघ्यावर घ्यावी तशी. बंदूक तोंडावर पडली की अशी मोड येते.

त्याने नळी फिरवून पाहिली. पुन्हा फिरवली. प्रत्येक वेळी तीच रेघ, आणि इतकी स्वच्छ, की गेल्या वर्षभरात त्याला अशी दिसली नव्हती.

"माझी नाही," तो म्हणाला.

"बरं झालं. मार दोन घाव."

"याइची, माझी नाही ही. पडलेली आहे. त्याच्या अलीकडे बघ, बघ तू, कशी आहे ती."

"मला काय कळतं त्यातलं? मला ती डावीकडे मारते एवढं कळतं. मार ना बाबा, भोंगा होईल."

हातोडी तोमेकिचीच्या हातात होती. ती त्याने कधी उचलली हे त्याला कळलं नव्हतं. नळी खुंटांवर ठेवलेली होती, मोड वर करून, घाव बसेल तशी. दोनसुद्धा लागले नसते. एक पुरेसा होता. पण तो एक घाव बसला की रेघ टोकापर्यंत सरळ होणार, आणि ती मुळात कशी होती हे कोणालाही दाखवता येणार नव्हतं. नुमाता उद्याही विचारणार, डोळे कसे आहेत. डोळ्याला पाणी सुरू झाल्यावर केलेली नळी अशी दोऱ्यासारखी होती, याचा या जगात एवढा एकच पुरावा होता, आणि तो मोडून टाक असं याइची सांगत होता. एका बाटलीसाठी.

त्याने हातोडी ठेवली आणि शेवंतीवरचं फडकं उचलून याइचीच्या अंगावर टाकलं.

"फुलावर डोक्याचं फडकं टाकतोस? घामाचं? लाज आहे की नाही?"

याइची त्याच्याकडे बघतच राहिला. "तोमे, अरे पोरगा मरेल."

"मुकादमांना बोलव."

"तोमे."

"तू नाही बोलवत तर मी बोलावतो."

तोमेकिची दारात गेला. वर्षानुवर्षं माणसांना उभं करायची ती जागा. तिथून त्याने नुमाताला हाक मारली, आणि हाक ऐकून सगळेच उठले, कारण तोमेकिचीने कधी कोणाला मोठ्याने हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. माणसं भाताची बोटं चाटत आत आली. नुमाता सर्वांत पुढे होता. नळीवरचं अक्षर दिसताच त्याचा चेहरा उजळला.

"अरेरे," तो म्हणाला. "तुझी का? मी म्हणतच होतो. ये, दाराशीच आहेस, फार लांब जायला नको."

मागून कोणीतरी म्हणालं, "चहावाला दिसतो का विचारा." हशा झाला.

"दिसतो का ते तुम्हीच बघा," तोमेकिची म्हणाला. "रोकुरोला बघू द्या आधी. तरुण डोळे आहेत."

रोकुरोने नळी घेतली. बराच वेळ धरून ठेवली. लोक पाय बदलू लागले.

"मला तर सगळी सरळच दिसते," तो शेवटी म्हणाला.

"सरळ दिसते," तोमेकिची म्हणाला. "डावीकडे मारणारी नळी जावईबापूंना सरळ दिसते. मुकादम, खिडकी तयार ठेवलीय मी त्यांच्यासाठी, घेऊन जा."

आता हशा दुसऱ्या बाजूला झाला. नुमाताने जावयाच्या हातातून नळी ओढून घेतली, खिडकीकडे धरली, हळूहळू फिरवली. काही झालं तरी तो मुकादम होता, त्याला रेघ वाचता येत होती.

"टोकाशी मोड आहे," तो नाइलाजाने म्हणाला.

"आणि त्याच्या अलीकडे?"

"अलीकडे सरळ आहे."

"किती सरळ?"

नुमाताने नळी खाली केली. "सरळ आहे म्हटलं ना. पडलेली आहे ही. शिपायाचा दोष." त्याने दोरीला लटकणारी पलटणीची चिठ्ठी उलटून वाचली, आणि वाचता वाचता भुवया वर केल्या. "हिकोता. तुझ्या बायकोचा भाचा ना रे हा?"

याइचीने मान वर केली. आता तोमेकिची फक्त गप्प राहिला असता तरी चाललं असतं. नुमाता काही वाईट माणूस नव्हता, निदान जावयाची गोष्ट सोडली तर नव्हता, आणि भाच्याचं नाव दिसल्यावर त्याने चिठ्ठी हातात तशीच धरून ठेवली होती, एखादा माणूस दार अर्धवट उघडं धरून ठेवतो तशी.

"नळीला भाचा नसतो, मुकादम," तोमेकिची म्हणाला.

यावर नुमाता मनापासून हसला. सगळेच हसले. कोणीतरी तोमेकिचीच्या पाठीवर थाप मारली. "लिहितो तर मग तसं," असं म्हणत नुमाता चिठ्ठी घेऊन टेबलाकडे गेला, आणि भोंगा झाला.

याइचीने फडकं झटकून डोक्याला बांधलं. "माशी सरकली होती," तो म्हणाला, पण कोणाला उद्देशून नव्हे, आणि आपल्या खोलीत निघून गेला. त्यानंतर तो तोमेकिचीशी पुन्हा बोलला नाही.

संध्याकाळी तोमेकिचीने भाजलेली ईल मासळी घेतली, पानात बांधून. असली चैन त्यांच्या घरात सणालाही होत नसे. शिगेने पान उघडलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आली का बंदूक?"

"आली. माझी चूक नाही. सगळ्यांसमोर सिद्ध झालं. नुमाताने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, सरळ आहे म्हणून. रोकुरोची तर अशी फजिती झाली की," आणि त्याने सगळं सांगितलं, याइचीचं फडकंसुद्धा. भाच्यावरचं ते वाक्य त्याने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा नुमाताच्या हसण्यासकट.

शिगेने मासळीला हात लावला नाही.

"म्हणजे दोन घावांत झालं असतं," ती म्हणाली.

"फूल होतं त्यावर."

"हो. फूल होतं." मग ती म्हणाली, "नव्या पोरांना जुन्या शिपायांच्या बंदुका पुसाव्या लागतात, जुने शिपाई या पोरांच्या बंदुका घेऊन खेळ करतात. पाडली असेल त्यांच्यातल्याच कोणीतरी. त्याला नाव घेता येत नाही."

"असेल. नळी नाव सांगत नाही. ती एवढंच सांगते की माझ्या हातून गेली तेव्हा धड होती."

जेवण झाल्यावर त्याने शाई घोटायला घेतली. शिगेने भांडी तशीच ठेवली.

"काय करताय?"

"इतके महिने पोराच्या पत्राला उत्तर नाही. बरं दिसत नाही ते."

"तुमची चूक नसली तर लिहायचं नाही, असं ठरलं होतं आपलं. कारखान्याचा कागद जाईलच. तुमचा कशाला? कप्तान उघडून वाचणार. घरचा माणूससुद्धा असं म्हणतो, म्हणेल."

"म्हणू दे. खरं तेच लिहिणार." तो कुंचला पाण्यात भिजवत होता. "त्याने माझ्या ठशाचं नाव काढलं. सगळ्या तुकडीला वाटत असेल, काकाची नळी वाकडी. ते तसंच राहू द्यायचं?"

त्याने सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. ‘पत्र मिळालं. नळी मी स्वतः पाहिली. तोंडापासून वीतभर अलीकडे मोड आहे. ती पडल्यामुळे झालेली आहे. बाकी नळी निर्दोष आहे. दोष जन्मापासून असण्याची शक्यता नाही. शस्त्राची काळजी घेत जावी.’

"त्याच्या कानाचं तरी विचारा," शिगे म्हणाली.

त्याने कागदाकडे पाहिलं. खाली जागा होती. त्याने थोडा विचार करून लिहिलं, ‘प्रकृतीला जपावं. माझे डोळे उत्तम आहेत.’

सकाळी शिगेने भाताची वाटी देव्हाऱ्यात ठेवली. पाटी सरकवली नाही. मग तिने हात पुढे केला.

"द्या. बाजारात जातेच आहे, मी टाकते पेटीत."

तोमेकिचीने तिच्याकडे पाहिलं. बाजार पुलापलीकडे होता आणि पुलाखाली नदी होती.

"राहू दे," तो म्हणाला.

पुलाच्या अलीकडच्या टोकाला लाल पेटी उभी होती. तिथे पोचल्यावर त्याने सवयीने नदीपलीकडे पाहिलं. हवा स्वच्छ होती. लोणचेवाल्याच्या पाटीवरची मोठी अक्षरं लागली, खालची बारीक ओळही लागली, आणि तिच्याही खाली काहीतरी होतं, नव्या मुळ्याचं लोणचं आल्याचं, जे त्याने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. त्याने ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं गेलेलं होतं. त्याने पाटी पुन्हा एकदा वाचून काढली, आणि पाकीट सोडलं.